मागच्या सीटवरच्या बारा किलोंचं गणित

बोर्ली पंचतनहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. लेक सव्वादोन वर्षांची, वजन बारा किलो. ताई रोज सायकलनं दिवेआगरला जातात. अंतर चार-पाच किलोमीटर. लेकीला बरोबर न्यायचं तर मागे लावायची सीट कोणती घ्यावी, आणि मुळात ती लावावी का? सोबत एका ऑनलाइन जाहिरातीचा फोटो आहे: फोमची गादी, पाठीला टेकू, दोन्ही बाजूंना धरायला दांडे आणि खाली ठळक अक्षरांत ‘वजनक्षमता ५० किलो’.

लावावी, असं माझं उत्तर आहे. फोटोतली मात्र घेऊ नये. पन्नास किलोंचा आकडा सीट मोडणार नाही एवढंच सांगतो. सायकल कलंडेल का, मुलीची टाच स्पोकमध्ये जाईल का, पेंगुळलेली मान कुठे टेकेल, यातलं काहीच त्यात येत नाही. त्या गादीला पट्टे नाहीत आणि पायांना आडोसा नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलानं वाटभर दांडे धरून बसावं, अशी ती अपेक्षा करते.

पळत्या सायकलीची काळजी सगळेच करतात. मला उभ्या सायकलीची जास्त वाटते. जरा हिशेब करू. सायकल अठरा किलोंची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर. मुलगी बारा किलोंची, चांगली सीट चार किलोंची. हे सोळा किलो जमिनीपासून जवळजवळ एक मीटरवर बसतात. रिकामी सायकल दहा अंशांनी कलली, तर हँडलपाशी धरून सावरायला दीड किलोभर जोर पुरतो. मुलगी बसलेली असेल तर सव्वाचार किलो लागतो, आणि कल वीस अंशांवर गेला की साडेआठ. वजन दुपटीपेक्षा कमी वाढलं, पण उंचावर वाढल्यामुळे कलंडण्याचा जोर पावणेतीन पट झाला.

त्यात वेळ फार थोडा मिळतो. तळहातावर उभी धरलेली काठी सुरुवातीला आळसावून झुकते आणि मग एकदम जाते, तसंच इथेही घडतं. एक मीटर उंचीवरच्या वजनाचा कल दर पाव सेकंदाला साधारण दुप्पट होतो. तीन अंशांचे सहा, सहाचे बारा, बाराचे चोवीस, आणि तोवर पाऊण सेकंद झालेला असतो. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात हँडल, मान दुकानदाराकडे वळलेली, एवढ्यात सायकल गेलेली असते. मुलीचं डोकं जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतं. तिथून खाली येताना त्याला ताशी सतरा-अठरा किलोमीटर वेग येतो, सायकल जागच्या जागी उभी असतानासुद्धा.

सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकात, ईएन १०७८ मध्ये, हेल्मेट सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं आदळून पाहतात. हा वेग सुमारे दीड मीटरवरून पडण्याचा. म्हणजे ही चाचणी जवळपास अशाच पडण्याची आहे. ‘मी हळूच चालवते, हेल्मेट कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यात आहे. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनं मोटारसायकलवरच्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी पट्ट्यांचा हार्नेस आणि हेल्मेट बंधनकारक केलं, वेग ताशी चाळीसपर्यंत आणला. त्या नियमात मुलांना सायकलचं हेल्मेटही चालतं, आणि त्यासाठी दिलेल्या मानकांत हे युरोपीय मानकही आहे. पायडलच्या सायकलीला हा नियम लागू नाही, पण डोकं तेच आहे. एक मात्र पाळा: सीटवरून उतरली की मुलीचं हेल्मेटही उतरवा. खेळताना हेल्मेट कुठेतरी अडकून पट्ट्यानं गळा आवळल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. त्यामुळेच ईएन १०८० हे लहानग्यांसाठीचं वेगळं मानक निघालं. त्यातला पट्टा जोराची ओढ बसली की आपोआप सुटतो.

आता सायकल चालू करू. चालती सायकल का पडत नाही, हे सांगताना बहुतेक जण अजूनही चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याकडे बोट दाखवतात. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १९७० मध्येच त्याला धक्का दिला होता. कुणालाच चालवता येणार नाही अशी सायकल बनवायचा त्यानं चंग बांधला. पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं दुसरं चाक लावून भोवऱ्याचा परिणाम जवळपास पुसून टाकला, आणि सायकल तरीही आरामात चालवता आली! मग त्यानं हँडलच्या कलत्या रचनेला श्रेय दिलं. पुढचं चाक जमिनीला टेकतं ती जागा हँडलच्या आसाच्या रेषेमागे असते, म्हणून चाक आपोआप सरळ येतं, असं त्याचं म्हणणं.

ते स्पष्टीकरणही अपुरं आहे, हे ज्यानं ओळखलं त्या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. जिम पापाडोपुलोस. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, अँडी रुइना यांच्या सोबतीनं, तो सायकलच्या समीकरणांत बुडाला. त्याआधीच्या शतकभरात ज्यांनी ज्यांनी ही समीकरणं मांडली होती, त्यांचं काम त्यानं शोधून तपासलं. बऱ्याच ठिकाणी चुका निघाल्या. केंब्रिजचा तरुण गणिती फ्रान्सिस व्हिपल यानं १८९९ मध्ये केलेली मांडणी मात्र मुळात भक्कम होती. (हाच व्हिपल पुढे हवामानशास्त्रात गेला आणि सायबेरियातल्या तुंगुस्का स्फोटाच्या हवेतल्या लाटांवर त्यानं १९३० मध्ये लिहिलं. अशी माणसं मला फार आवडतात.) पापाडोपुलोसला विद्यापीठात कायमची जागा मिळाली नाही. तो कारखान्यांत यंत्रांच्या कामाला लागला आणि त्याची समीकरणं वीसेक वर्षं कागदातच राहिली. अखेर नेदरलँड्सचे आरेंड श्वाब आणि याप मेयार्ड यांच्यासह पापाडोपुलोस आणि रुइना यांचा निबंध २००७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. सायकलच्या गतीचा आज तोच पाया मानतात.

चार वर्षांनी याच गटानं एक विचित्र सायकल केली. चाकं इवलीशी, त्यांच्या फिरण्याचा परिणाम उलट चाकांनी रद्द केलेला, टेकण्याची जागाही जोन्सच्या म्हणण्याच्या उलट, म्हणजे आसाच्या रेषेच्या जरा पुढे. ढकलून सोडली की ती माणसाशिवाय तोल सावरत धावायची! २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. गंमत होती वजनाच्या मांडणीत. हँडलच्या बाजूचं वजन खाली आणि पुढे ठेवलं होतं. त्यामुळे सायकल कलली की तो भाग आधी झुकायचा आणि चाक पडण्याच्या दिशेनं वळवायचा. एकच कारण सगळं सांगत नाही, पण वजन कुठे आहे याला केवढी किंमत आहे ते इथे लख्ख दिसलं. पापाडोपुलोसच्या वाट्याला नावलौकिक उशिरा आला, थोडा आला. मुलाला मागे बसवणाऱ्या प्रत्येकाला त्याचं काम उपयोगी आहे, म्हणून ही आडवाट.

२००७ च्या त्या निबंधातली नमुना सायकल सेकंदाला ४.३ ते ६ मीटर वेगातच स्वतःहून सावरते. म्हणजे ताशी साधारण साडेपंधरा ते साडेएकवीस किलोमीटर. मुलाला मागे बसवून दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यानं जाताना वेग दहा-बारावरच असतो, आणि तो असावाही. पण त्या वेगात सायकल स्वतः फारशी मदत करत नाही. तोल सगळा चालवणाऱ्याच्या हातात. मूल एकदम डावीकडे वाकून गाय बघायला लागलं की तो धक्काही त्याच हातांनी झेलायचा. म्हणूनच खांद्यांवरून येऊन पायांमध्ये एकत्र बांधला जाणारा पट्टा घ्यायचा. नुसता कमरपट्टा मुलाला पडू देत नाही, पण झुकूही देतो आणि खाली घसरूही देतो.

आता सीट किती मागे? चांगल्या सीटवर गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या ॲक्सलच्या फार तर दहा सेंटिमीटर मागे यावी, असं बनवणारे सांगतात. सोळा किलो दहा सेंटिमीटर मागे गेले की पुढच्या चाकावरचं दीड किलो वजन कमी होतं, पंचवीस सेंटिमीटर मागे गेले की साडेतीन किलोंहून जास्त. तुम्ही सायकलवर असताना हे जाणवणारही नाही. तुम्ही उतरलात की पुढच्या चाकावर जेमतेम आठ-नऊ किलो उरलेले असतात, त्यातले साडेतीन गेले तर हँडल जरा धक्क्यानं गर्रकन फिरतं.

मागच्या सीट दोन प्रकारच्या. एक थेट कॅरियरवर बोल्टनं बसते. कॅरियरवर २५ किंवा २७ किलोंचा आकडा कोरलेला असेल तरच ती घ्या; तारेच्या साध्या स्प्रिंगवाल्या कॅरियरवर नको. दुसरीचं ब्रॅकेट चालवणाऱ्याच्या सीटखालच्या उभ्या नळीला आवळतात आणि सीट दोन पोलादी दांड्यांवर तरंगते. स्पीडब्रेकरचा दणका हे दांडे पुष्कळसा खातात, म्हणून मला हीच बरी वाटते. मात्र अशी बहुतेक ब्रॅकेट २८ ते ४० मिलिमीटरच्या गोल नळीवरच बसतात, तेव्हा नळी आधी मोजा. युरोपच्या ईएन १४३४४ मानकाचा छाप बघा. त्यात मागच्या सीटची मर्यादा ९ ते २२ किलो आहे. वर्षाच्या आतलं मूल मात्र वजन भरलं तरी बसवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बजावते. हेल्मेटसकट डोकं पेलायची ताकद त्या मानेत आलेली नसते.

पायांसाठी दोन्ही बाजूंना खोलगट आडोसा आणि पावलावरून जाणारा पट्टा हवाच. स्पोकमध्ये टाच अडकून होणारी जखम हाडांच्या डॉक्टरांना इतकी ओळखीची आहे की तिला ‘स्पोक इंज्युरी’ असं नावच पडलं आहे. बोटांकडेही बघा. आपल्या जुन्या धाटणीच्या सायकलींच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा असतात आणि मागे बसलेल्या मुलाची बोटं नेमकी तिथे पोचतात. तुम्ही बसताना त्या दाबल्या जातात. त्यांच्यावर कव्हर घाला किंवा बिनस्प्रिंगची सीट लावा.

ताईंची सायकल लेडीज आहे, हे फारच चांगलं. दांडीच्या सायकलीवर एक पाय पायडलवर ठेवून, दोन पावलं ढकलून, दुसरा पाय मागून टाकायची आपल्याला सवय असते. मागे मूल असलं की तो पाय मुलाच्या तोंडावरच जातो. घरात कुणी दांडीची सायकल वापरणार असेल तर ती आडवी झुकवून चढावं लागतं, आणि ते कलंडण्याचं गणित वर केलंच आहे.

समुद्राचा विचार जाहिरातीत कुठेच नसतो. बोर्ली-दिवेआगरच्या हवेत मीठ आहे, आणि क्लोराइडपुढे साध्या बोल्टवरचा जस्ताचा मुलामा फार टिकत नाही. गंज आधी धरतो तो प्लास्टिकच्या आड, जिथे ओल साचते आणि दिसत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे टाकून घ्या. पावसाळा संपला की ब्रॅकेट सोडवून आतून बघा आणि पट्ट्याच्या बकलात वाळू शिरली नाही ना, तेही तपासा. उन्हात ठेवलेल्या सीटचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं. पांढुरके डाग किंवा बारीक चिरा दिसल्या की ती बदलायची.

सीट आली की लेकीला बसवण्याआधी बारा किलो तांदळाची पिशवी तिच्यात पट्ट्यांनी नीट आवळा. अंगणात चढा, उतरा, वळा, ब्रेक दाबा. मग सायकल डबल स्टँडवर लावून हँडल हलकेच सोडा, हात जवळच ठेवा. पुढचं चाक उचलत असेल तर सीट एक-दोन भोकं पुढे घ्या. सरकायला जागाच नसेल, तर ती सीट त्या सायकलीची नाही, परत पाठवा. चाक उचलत नसलं तरी लेकीला बसवून सायकल नुसत्या स्टँडवर सोडू नका. ती नेहमी शेवटी चढेल आणि सगळ्यात आधी उतरेल.