आधी कागदावर बेता, मग टाइल कापा

जिन्याखालची जागा वाया जाऊ नये म्हणून तिथे न्हाणीघर काढण्याची पद्धत आपल्या गावोगावच्या बंगल्यांत आणि रो हाउसांत सर्रास आहे. दाराशी ताठ उभं राहता येतं, आत जावं तसं छत खाली येत जातं आणि टोकाला बादली ठेवण्यापुरतीच उंची उरते. अशा न्हाणीघराला टाइल्स लावायचं ठरलं की रंग कोणता, फुलांची पट्टी घ्यायची की साधी, यावर घरात आठवडाभर खल होतो. पण टाइल तिरकी कापावी लागणार, ती नेमकी किती तिरकी आणि त्यात किती वाया जाणार, हा विषय मिस्त्री कामाला लागल्यावर निघतो. मग चार-सहा टाइल्स कमी पडतात आणि दुकानात जावं तर त्या छटेचा माल संपलेला असतो.

"हे गवंडीकाम, यात आपण काय बघायचं?" असं कुणी म्हणेल. पण सांध्यांत साचलेली काळी घाण ब्रशने कोण घासणार? जाळीपाशी न जाणारं पाणी खराट्याने कोण ढकलणार? शिवाय ज्या हातांना ब्लाउज बेतायची सवय आहे, त्यांना हे काम मुळीच परकं नाही. उरेब पट्टी काढायला कापड जास्त लागतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. टाइलचंही तसंच आहे. फरक एवढाच, की कापड चुकलं तर गुंडी-काजं करून झाकता येतं, टाइल झाकता येत नाही.

पहिलं काम म्हणजे जिन्याचा उतार शोधणं. तिरकं म्हणजे पंचेचाळीस अंश, हा एक मोठा गैरसमज आहे. जिन्याची एक पायरी मोजा. समजा तिची उंची ७ इंच आणि रुंदी १० इंच भरली. म्हणजे खालचं छत दर १० इंचांना ७ इंच उतरतं. हा कोन साधारण ३५ अंशांचा होतो. १२ इंच रुंदीच्या टाइलची एक कड दुसरीपेक्षा सुमारे ८.४ इंचांनी आखूड कापावी लागेल. तीच पंचेचाळीसने कापली तर पूर्ण १२ इंचांनी आखूड होईल. एकाच टाइलमागे साडेतीन इंचांहून मोठी फट! ती पांढऱ्या सिमेंटने भरून निघत नाही.

आमच्याकडे काम निघालं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तेवढं अंदाजानं होतंय." माणूस हाताचा कसबी, त्यात वाद नाही. पण मी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि कॅलेंडरची जुनी पानं घेऊन बसले होते. (मी शाळेत अर्धवेळ शिकवते ते मराठी, गणित नव्हे, तरी एवढं जमतं.) कॅलेंडरचा कागद जाड असतो, वर्तमानपत्रासारखा लोळत नाही. टाइलच्या मापाचा कागद कापायचा, भिंतीवर जिथे ती टाइल बसणार तिथे चिकटपट्टीने लावायचा आणि छताच्या कडेला बोटाने दाबून घडी पाडायची. घडीवर कापलं की नमुना तयार. छतापाशी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची, म्हणजे टाइल अडकत नाही. पहिल्या दोन टाइल्स त्या कागदावरून नेमक्या बसल्या, तेव्हा मिस्त्रींनीच पुढचे कागद मागून घेतले.

एक काळजी मात्र घ्या. भिंतीचा कोपरा सरळ असेलच असं धरून चालू नका. आधी ओळंबा सोडून भिंतीवर एक उभी रेघ मारून घ्यावी आणि सगळे कागद त्या रेघेपासून लावावेत. नाहीतर वाकड्या कोपऱ्यापासून मोजलेली प्रत्येक टाइल थोडी थोडी सरकत जाते.

आता सर्वांत फसवी गोष्ट सांगते. जिन्याखालच्या न्हाणीघरात उतार डाव्या भिंतीवरही असतो आणि उजव्या भिंतीवरही, पण एक दुसऱ्याच्या उलट. कागद उलटा करून दुसऱ्या भिंतीला लावता येतो, टाइल उलटी करता येत नाही, कारण चकाकी एकाच बाजूला असते. एकाच नमुन्यावरून भराभर कापत गेलं तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक कागदावर "डावी" किंवा "उजवी" लिहा, क्रमांक घाला आणि वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवा. कापलेला वरचा तुकडा मात्र टाकू नका. टाइल साधी, बिननक्षीची असेल तर तो तुकडा अर्धा फिरवून त्याच भिंतीवर दुसरीकडे बसतो, कोन तोच राहतो. फुलाफुलांच्या टाइलला हा फायदा मिळत नाही, फुलं डोक्यावर उभी राहतात! मी साध्या टाइल्सच्या बाजूची आहे, त्याचं हे एक कारण.

किती घ्यायच्या हे गणिताच्या चौकटीच्या वहीत काढावं. एक चौकट म्हणजे एक टाइल. तिरक्या छताखालच्या प्रत्येक उभ्या रांगेची उंची तिच्या उंच कडेवरून धरा, सरासरीवरून नको. सरळ लावणीला एकूण मापावर साधारण १० टक्के जास्तीच्या धरतात. जमिनीवर टाइल्स शंकरपाळ्यासारख्या तिरक्या लावायच्या असतील तर १५ टक्के धरा. म्हणजे ५ फूट बाय ७ फूट जमिनीला, ३५ चौरस फुटांऐवजी एका पद्धतीत सुमारे ३९ आणि दुसरीत ४१ चौरस फूट. खोक्यांवर छटेचा आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो, तो सगळ्या खोक्यांवर एकच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या. मोरबीहून एकाच नावाचा माल आला तरी दोन बॅचच्या छटेत फरक पडू शकतो.

शंकरपाळी लावणीबद्दल विचाराल तर लहान न्हाणीघरात मला ती पसंत नाही. १२ इंची टाइल तिरकी ठेवली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १७ इंच भरते. ५ फुटांच्या भिंतीलगत तीन पूर्ण बसतात आणि दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंचांचे तुकडे येतात. पण जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतील, तर हीच लावणी तो वाकडेपणा झाकते, हेही खरं.

कापण्याचं काम घरातलं कुणी करणार असेल तर भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला हाताने ओढायचा कटर पुरतो. रेघ एकदाच, सारख्या दाबाने ओढायची. पुन्हा पुन्हा ओढली की कड दातेरी होते. टोकाशी निमुळता होणारा तुकडा मात्र हाताच्या कटरने अनेकदा मोडतो. तिथे आणि कडक व्हिट्रिफाइड टाइलला डायमंड पातं लागतं. रेघेवर चिकटपट्टी लावून कापलं की चकाकीचे कपचे कमी उडतात. कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. तेव्हा पाण्याची नळी जोडायची सोय असलेला कटर घ्यावा, काम गच्चीवर किंवा अंगणात करावं आणि कापणाऱ्याने चष्मा व चांगला मास्क लावावाच. मशीन आणि पाणी एकत्र आलं म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा ब्रेकर घरात बसवलेला हवा. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या यांपैकी काहीही पात्याजवळ नको. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरालाही मास्क द्या, तो स्वतःहून मागत नाही.

भिंतींचा कोपरा बाहेर आलेला असेल, खिडकीपाशी किंवा साबणाच्या कोनाड्यापाशी, तर दोन टाइल्सच्या कडा मागून पंचेचाळीस अंशांत घासून जोडतात. दिसायला सुरेख दिसतं. पण चकाकीपर्यंत घासलं तर कड सुरीसारखी धारदार आणि तितकीच नाजूक होते, म्हणून मिलिमीटरभर कड ठेवायला सांगा. जिथे बादली आपटते तिथे तर हा प्रकार नकोच. अ‍ॅल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची पट्टी लावलेली बरी. आत गेलेल्या कोपऱ्याला असं घासण्याची गरजच नसते.

जमिनीचा उतार हा सगळ्यांत जिव्हाळ्याचा भाग. आमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि जुन्या फरशीवर जाळीच्या अलीकडे बोटभर पाणी साचायचं. काम काढलं ते खरं म्हणजे तेवढ्यासाठी. (जाळीखालच्या भांड्याला प्लंबर "नहाणी ट्रॅप" म्हणतात, आपल्याच न्हाणीवरून!) ७ फुटांत साधारण एक इंच उतार पुरतो. जाळी कोपऱ्यात असेल तर सगळी जमीन त्या कोपऱ्याकडे एकसंध झुकवता येते. जाळी मधोमध असेल तर मात्र मोठी टाइल वाकत नाही. जाळीपासून चारही कोपऱ्यांकडे पाकिटाच्या घडीसारख्या तिरक्या रेघा येतात आणि त्या रेघांवर टाइल कापावी लागते. त्यापेक्षा जमिनीला लहान, खडबडीत टाइल्स घ्याव्यात, त्या उताराबरोबर आपोआप वळतात.

जमीन उतरते म्हणजे भिंतीची सर्वांत खालची ओळही तिरकी कापावी लागते. ७ फुटांत इंचभर, म्हणजे दर फुटी टाइलला सूतभर किंवा किंचित जास्तच. म्हणून भिंतीचं काम दुसऱ्या ओळीपासून पाणसळीत सुरू करून खालची ओळ शेवटी लावायला सांगावं. टाइल्स बसण्याआधी पाणी न झिरपण्याचा लेप देऊन, जाळी बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा. खालच्या मजल्यावर शेजारी असतील तर हे टाळूच नका. काम चालू असताना जाळीत जुन्या कापडाचा बोळा घालून ठेवावा, नाहीतर सिमेंटची गाळणी आत जाऊन घट्ट बसते.

सांधे भरण्याआधी दाराशी तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठून कसं जातं ते मिस्त्रींच्या समोरच पाहा. कुठे अडलं तर ती एक टाइल त्याच दिवशी उचलता येते. उरलेल्या तीन-चार टाइल्स खोक्याच्या क्रमांकाचा पुठ्ठा बांधून माळ्यावर ठेवा आणि ते डावे-उजवे कागदही त्याच पुडक्यात घाला.