दुर्गादेवीचा दुष्काळ बस्तरच्या दगडात

भिलाईच्या एका वाचकाने विचारलंय: चीनच्या युन्नानमध्ये यी लोकांच्या मुलखात शिलिनचं पाषाणवन आहे, तसं चुनखडीचं नवल आपल्या जवळपास कुठे आहे का?

आहे, बस्तरमध्ये. जगदलपूरच्या पुढे, धुरवा आणि गोंड पाड्यांच्या कांगेर खोऱ्यात. फक्त इथलं वैभव जमिनीच्या पोटात आहे: कुटुमसर, कैलास, दंडक या गुहांत. चुनखडी भिलाईकरांना नवी नाही. नंदिनीच्या खाणीतली चुनखडी ब्लास्ट फर्नेसमध्ये खनिजातली वाळू पकडते आणि त्याचा स्लॅग होतो. कांगेर खोऱ्यात हाच दगड पावसाने कोरला.

मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून पाणी आंबूस होतं आणि चुनखडी विरघळवत खाली झिरपतं. गुहेच्या हवेत तो वायू निसटतो, विरघळलेला चुना मागे राहतो. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो ना, अगदी तेच. थरावर थर चढत लवणस्तंभ उभा राहतो आणि प्रत्येक थरात त्या काळच्या पावसाचा ऑक्सिजन अडकतो. पाऊस दमदार असेल तर त्यात ऑक्सिजन-१८ हा जड प्रकार कमी सापडतो; पावसाने ओढ दिली की जास्त.

दंडक गुहेतल्या लवणस्तंभावरून आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इ.स. ६०० ते १५०० चा मोसमी पाऊस मांडला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत पाऊस वर्षानुवर्षे रोडावलेला दिसतो. आणि १३९६ पासून बारा वर्षं दख्खन उजाड करणारा आपला दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका त्याच काळातला! आजवर बखरी आणि लोकांच्या आठवणी यांवर विसंबलेल्या त्या हकिकतीला दगडाने साक्ष द्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या संशोधनाची चर्चा होते तेव्हा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले एम. जी. यादव आणि दिवंगत आर. रमेश यांची नावं क्वचितच निघतात. दंडकच्या लवणस्तंभांतून जुना पाऊस वाचणारा त्यांचा निबंध त्याआधीच, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ते श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

एका गुहेवरून साऱ्या देशाचा पाऊस सांगण्याची घाई मात्र नको. दुष्काळात माणसं मरतात ती धान्याचे भाव आणि राजवटीच्या बेपर्वाईनेही.

जायचं तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात पाणी शिरतं म्हणून कुटुमसर बंद असते. आत लवणस्तंभांना हात लावू नका. हाताचं तेल लागलं की तिथे पुढचा थर नीट धरत नाही.