कावळा व ऑक्टोपस
प्राण्यांच्या बुद्धिमत्तेच्या विवेचनात या दोन प्राण्यांची तुलना पुष्कळदा केली जाते. येथे गावकावळा (कॉर्व्हस स्प्लेंडेन्स) व सामान्य ऑक्टोपस (ऑक्टोपस व्हल्गॅरिस) या जाती विचारात घेतल्या आहेत. तुंगारेश्वरच्या डोंगराळ प्रदेशालगत असलेल्या कामण (ता. वसई, जि. पालघर) येथे गावकावळा नित्याचा आहे. ऑक्टोपस केवळ समुद्रात राहतो. कोकण किनाऱ्यावर जाळ्यांत त्याच्या काही जाती सापडतात. मात्र सर्वाधिक अभ्यास झाला तो भूमध्य समुद्रातील व्हल्गॅरिस जातीचा.

कावळा पृष्ठवंशी, तर ऑक्टोपस मृदुकाय संघातील, म्हणजे शिंपला व गोगलगाय यांचा आप्त होय. दोहोंचा समाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून अधिक प्राचीन असून त्याची तंत्रिका तंत्राची रचना अगदी साधी असावी. अर्थात बुद्धी येथे दोनदा, स्वतंत्रपणे विकास पावली. ऑक्टोपसाच्या शरीरात सु. ५० कोटी तंत्रिका कोशिका असतात. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश आठ बाहूंत विखुरलेल्या असल्याने प्रत्येक बाहू बऱ्याच हालचाली स्वतंत्रपणे करू शकतो. पक्ष्यात मात्र नियंत्रण मुख्यतः डोक्यात एकवटलेले असते. कावळ्याच्याच वंशातील रेव्हन पक्ष्याच्या मेंदूत अशा सु. २ अब्ज कोशिका आढळल्या आहेत.

खरा भेद आयुष्यक्रमात आहे. ऑक्टोपसाची मादी लाखाहून अधिक अंडी घालते, अन्न सोडून त्यांची राखण करते आणि ती फुटल्यावर लवकरच मरते. डिंभ प्रवाहाबरोबर वाहत जातात. आयुर्मान जेमतेम एक-दोन वर्षे. त्यामुळे प्रत्येक पिढीला सर्व काही नव्याने शिकावे लागते. याचा अर्थ दुसऱ्याचे पाहून शिकण्याची क्षमताच त्याच्यात नाही, असा नव्हे. ग्राझिआनो फिओरितो व पिएत्रो स्कोत्तो यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शिकविलेल्या ऑक्टोपसाने निवडलेल्या रंगाचा चेंडू पाहणाऱ्यांनीही बहुधा निवडला. निसर्गात एकाकी राहणाऱ्या या प्राण्याला अशी संधी क्वचितच लाभते.

कावळा थव्याने राहतो, अनेक वर्षे जगतो आणि घरट्याबाहेर पडलेल्या पिलांनाही काही काळ भरवितो. पिलांना मोठ्यांचे अन्न शोधणे व धोक्याचे इशारे जवळून अनुभवता येतात. गंमत अशी, की चतुर म्हणून ख्यात असलेला हाच पक्षी स्वतःच्या घरट्यात कोकिळेने घातलेली अंडी पुष्कळदा ओळखू शकत नाही व तिची पिले वाढवितो.