ट्रकच्या केबिनला गार ठेवणारा कॉम्प्रेसर

सेलू तालुक्यातलं वालूर चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखलं जातं. पण या पट्ट्याचा संसार चालतो तो कापूस आणि सोयाबीनवर. हा माल सेलू-मानवतच्या बाजारात आणि तिथून बाहेरगावी जातो तो ट्रकमधून. एप्रिल-मेमध्ये इथे, परभणी जिल्ह्यात, पारा चाळिशी ओलांडतो. पायाशी इंजिनाची धग, डोक्यावर तापलेला पत्रा आणि समोरच्या काचेतून येणारं ऊन. अशा केबिनमध्ये दिवसभर बसून ड्रायव्हरने सावध राहावं, अशी अपेक्षा आपण वर्षानुवर्षं केली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि जून २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उशीर झाला, पण निर्णय योग्यच आहे.

आता हा एसी टिकला पाहिजे, आणि त्यात सगळ्यात महागडा आणि कष्टाचा भाग कॉम्प्रेसरचा.

माठातलं पाणी बाहेर पाझरून उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. एसीचं तत्त्व तेच. फरक इतकाच, की इथे उडणारा पदार्थ वाया जाऊ न देता पुन्हा पुन्हा वापरला जातो. ट्रकमध्ये बहुतेक वेळा हा पदार्थ म्हणजे आर-१३४ए वायू. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून वाफ होतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो, दाबतो आणि तापलेल्या अवस्थेत कंडेन्सरकडे ढकलतो. बाहेरच्या हवेला उष्णता देऊन वायू तिथे पुन्हा द्रव होतो, ड्रायरमधून गाळला जातो आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेने परत कॉइलमध्ये येतो.

कॉम्प्रेसरला ताकद इंजिनाच्या पट्ट्यातून मिळते. इंजिन चालू असेपर्यंत पुली फिरतच असते. आतला दांडा मात्र एसी लावल्यावरच फिरतो. बटण दाबलं की कॉम्प्रेसरच्या क्लचमधल्या कॉइलला वीज मिळते, चुंबक तयार होतं आणि पुढची चकती पुलीला ‘टक्’ आवाज करून चिकटते. या दोहोंत एरवी मिलिमीटरभरही फट नसते. जगभरच्या ट्रकमध्ये दिसणाऱ्या सँडनच्या ‘एसडी-७-एच-१५’ मॉडेलमध्ये सात पिस्टन असतात. आतली तिरकी तबकडी डुलते आणि पिस्टन पाळीपाळीने पुढेमागे होतात. एका फेऱ्यात साधारण १५५ घनसेंटिमीटर वायू ओढला जातो. या पिस्टनना वंगण मिळतं ते वायूबरोबरच फिरणाऱ्या तेलातून. म्हणून गॅस गळाला की तेलाचा पुरवठाही तुटतो आणि कॉम्प्रेसर कोरडा घासू लागतो.

बिघाडाची चाहूल आधीच लागते. हवा पूर्वीसारखी गार येत नाही. ‘टक्’ आवाज येत नाही, किंवा क्लच सारखा लागतो-सुटतो. हे गॅस कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, फ्यूज-रिले-वायरिंगचा दोषही असू शकतो. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर; एसी लावल्यावरच खडखड होत असेल तर आतल्या भागांवर. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी धूळ धरलेला तेलकट काळा डाग म्हणजे सील गळतंय. पट्टा किंचाळतोय, जळका वास येतोय आणि चकती निळसर पडलीय, तर कॉम्प्रेसर जाम होतोय. एसी ताबडतोब बंद करावा. गेज लावल्यावर चालू एसीत दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखाच दिसत असेल आणि क्लच नीट फिरत असेल, तर पंपाने काम सोडलंय.

पण कॉम्प्रेसर क्वचितच आपल्या दोषाने मरतो. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर कापसाचे तंतू आणि धूळ बसते. हवा अडली की दाब वाढतो आणि तो सगळा भार कॉम्प्रेसरवर येतो. अंदाजाने जास्त गॅस भरला तरी तेच होतं. परभणीची थंडीही कारण ठरते. हिवाळ्यात इथे पारा एक आकडी होतो, एसी महिनोनमहिने बंद राहतो, दांड्याचं सील कोरडं पडतं आणि उन्हाळा लागताच गळती सुरू होते.

आतून फुटलेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा सगळ्या नळ्यांमध्ये पसरतो. तो न काढता नवा पंप बसवला, तर तोही लवकर जातो. म्हणून कॉम्प्रेसर बदलताना लाइन धुऊन घ्यावी, धुऊन निघत नसेल तर कंडेन्सर बदलावा, ड्रायर नवा टाकावा, कंपनीने सांगितलेलं तेल मोजून घालावं, व्हॅक्यूम करून ओल काढावी आणि गॅस वजनावर भरावा. जुना गॅस हवेत सोडू नये. तापमानवाढीत आर-१३४एचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजारावर किलोंना भारी पडतो.

मालकांना सांगणं एवढंच: दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेऊ नका, गळती शोधायला लावा. कंडेन्सर आठवड्याला हलक्या हवेने साफ करा आणि हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. आणि ड्रायव्हरने ‘हवा गार येत नाही’ म्हटलं, तर त्याला चैनीची तक्रार समजू नका. गाडी, माल आणि समोरून येणारी माणसं त्याच्याच हातात आहेत.