बुडून न मेलेली बायको

नॅन्सी प्राइस या अमेरिकन लेखिकेची ‘स्लीपिंग विथ द एनिमी’ ही कादंबरी १९८७ साली आली. आपल्यापैकी अनेकांनी ती न वाचताच पाहिलेली आहे. १९९१मध्ये जोसेफ रूबेन यांनी ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन तिच्यावर चित्रपट केला आणि पुढे हिंदीत ‘याराना’ (१९९५), ‘अग्निसाक्षी’ आणि ‘दरार’ (दोन्ही १९९६) असे तिचे तीन अवतार निघाले. मला ही कादंबरी फोर्टच्या फुटपाथवर मिळाली. माझे इंग्रजी शाळेपुरतेच, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होतो.

गोष्ट साधी आहे. मारकुट्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी बायको बुडून मेल्याचा बनाव करते, आयोवातल्या सीडर फॉल्स गावी नव्या नावाने राहते, तिथे एका भल्या माणसाशी तिचे सूर जुळतात. आणि इकडे नवऱ्याला ती जिवंत असल्याचा सुगावा लागतो. चित्रपटात या नवऱ्याला टॉवेल एका रेषेत हवे असतात, फडताळातले डबे ओळीत हवे असतात. एके दिवशी नव्या घरातले फडताळ ती उघडते, तर डबे ओळीत लावलेले! रक्ताचा थेंब नाही, पण अंगावर काटा येतो.

पण तिने मरण्याचे नाटक का करावे? घटस्फोट होताच की. मला वाटते, या कादंबरीतले रहस्य कायद्याच्या एका भोकातून आले आहे. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा अमेरिकेतला पहिला कायदा कॅलिफोर्नियाने केला तो १९९०मध्ये. तोवर घटस्फोटाचा कागद हाती आला तरी मागे येणारी पावले थांबवायची कशी, याला उत्तर नव्हते. मेलेल्या बाईच्या मागे मात्र कोणी येत नाही.

आपल्याकडे ४९८-अ कलम १९८३पासून होते. पाठलागाचे ३५४-ड आले थेट २०१३मध्ये. म्हणजे हे तिन्ही हिंदी चित्रपट त्याच भोकातले. पण ‘अग्निसाक्षी’ने एक मोठा बदल केला. मूळ गोष्टीत आपण पहिल्यापासून बाईच्या बाजूला असतो. इथे तिचे दुसरे लग्न झालेले, आणि एक परका माणूस येऊन ‘ही माझी बायको’ म्हणतो. खोटे कोण बोलते, हेच रहस्य. बाईचा शब्दच संशयात! शिवाय पहिला नवरा जिवंत, घटस्फोट नाही, म्हणजे हिंदू विवाह कायद्याने त्याचा दावा खरा आणि तिचे दुसरे लग्न रद्दबातल.

नाना पाटेकरांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘दरार’मधल्या नवऱ्यासाठी अरबाझ खानला फिल्मफेअर. अभिनय होताच तसा. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये नानांच्या एन्ट्रीला शिट्ट्या पडल्या, त्यांत माझीही एक होती. शेजारी बसलेली ताई मध्यंतरात डोके दुखते म्हणून उठून गेली. तिच्या घरी काय चालले होते, ते आम्हाला तीन वर्षांनी कळले.

कादंबरी वाचून झाल्यावर मी ताईला त्या डब्यांची गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “आमच्याकडे चपला होत्या.”