देवाचा डोंगर, सरकारचा सातबारा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर आणि भिल्ल समाजांची बरीच देवस्थाने उघड्या रानात आहेत. कुठे शिवेवरचा शेंदूर फासलेला दगड, कुठे झऱ्याकाठचा उंबर, तर कुठे अख्खा कडाच देव. देवळाला भिंती असतात, विश्वस्त असतात, दारावर पाटी असते. या ठिकाणांना त्यातले काहीच नसते आणि त्यांच्या सातबाऱ्यावर अनेकदा वन विभागाचे नाव असते. जमीन सरकारची आणि देव गावाचा असेल, तर तिथे शब्द कोणाचा चालावा, या प्रश्नावर या जागांचे भवितव्य ठरते.

वाघदेवाचे उदाहरण घ्यावे. रानाच्या कडेला रोवलेल्या लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ कोरलेला असतो. सोबत सूर्य, चंद्र आणि नाग असतात. वाघबारशीला, म्हणजे वसुबारसेच्याच दिवशी, गुराखी तिथे जमतात, नारळ फोडतात आणि गुरांना सांभाळ म्हणून देवाला विनवतात. बागलाण, कळवण, सुरगाणा भागात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. पावरीच्या सुरावर नाच रंगतो आणि पौर्णिमेच्या रात्री देवाच्या गडाची पूजा होते. इथे डोंगराच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. मूर्ती दुसरीकडे नेऊन बसवता येते, कडा नेता येत नाही.

देवराई हा याच श्रद्धेचा सह्याद्रीभर पसरलेला प्रकार. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, कित्येक ठिकाणी तर वाळकी काटकीही उचलायची नाही, असा दंडक असतो. त्यामुळे आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवराईत हिरडा, बेहडा, जांभूळ यांची जुनी झाडे टिकली आणि त्यांच्या मुळाशी झरेही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. गावाने भक्तीने जे राखले, त्याचे मोल त्यातून विज्ञानाच्या भाषेत मांडले गेले. शहरालाही हा विषय परका नाही. नाशिकची तहान भागवणाऱ्या गोदावरी आणि दारणा या नद्या त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या याच डोंगरांत उगम पावतात.

ही राने सरकारी कशी झाली, याचे उत्तर इंग्रजी अमदानीत सापडते. 1878च्या वन कायद्याने राखीव वने ठरवताना लोकांनी आपले हक्क मुदतीत नोंदवावेत, अशी तरतूद होती. नोंद झाली नाही की हक्क संपला. ज्यांचा सगळा व्यवहार तोंडी होता, त्या पाड्यांचे हक्क अशा रीतीने कागदावरून पुसले गेले. 1927चा कायदा याच पायावर उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला.

दुरुस्ती दोन कायद्यांनी झाली. 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधने राखण्यास सक्षम मानले. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके तसेच दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाणमधील अनेक गावे या क्षेत्रात येतात. महाराष्ट्राच्या 2014च्या नियमांमुळे एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. 2006च्या वन हक्क कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने मान्य केला. सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाची हानी करणारी कृत्ये रोखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला.

यातली सर्वांत मोलाची तरतूद वन हक्क कायद्याच्या नियमांमध्ये आहे. सामूहिक दाव्यासाठी पवित्र झाडे, देवराया, तळी, नदीकाठ आणि दफनभूमी हे पुरावे म्हणून ग्राह्य धरले जातात. वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले, तर तोही पुरावा ठरतो. म्हणजे ज्या वाघदेवाची कोणत्याच दप्तरात नोंद नव्हती, तोच आता गावाच्या बाजूने साक्ष देतो. वन हक्क समिती शिवार फिरून हद्दीचा नकाशा करते आणि ग्रामसभा ठराव करते. दावा उपविभागीय समितीकडून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी राज्यपालांच्या 2020च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय समित्या नेमल्या. त्यांचे अध्यक्ष विभागीय आयुक्त असतात. नाशिक विभागाच्या आयुक्तांचे कार्यालय नाशिक रोडला आहे. नंदुरबारच्या सातपुड्यापासून इगतपुरीच्या घाटापर्यंतचे असे वाद इथवर येऊ शकतात.

दुसरा मार्ग वन्यजीव कायद्याचा. 2002च्या दुरुस्तीने सरकारी जमिनीवर 'संवर्धन राखीव' आणि खासगी किंवा सामूहिक जमिनीवर 'सामुदायिक राखीव' घोषित करण्याची सोय केली. 2008मध्ये नाशिकजवळचे बोरगड हे राज्यातले पहिले संवर्धन राखीव ठरले. 2017मध्ये अंजनेरीलाही तो दर्जा मिळाला. हनुमानाचे जन्मस्थान मानला जाणारा हा डोंगर गिधाडांचे घर आहे आणि सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाला त्याचेच नाव मिळाले आहे. तरीही अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव आलाच आणि पर्यावरणप्रेमींना विरोधासाठी उभे राहावे लागले. नुसत्या दर्जाने डोंगर निर्धास्त होत नाही. त्यामागे जागती माणसे लागतात.

ग्रामसभेच्या शब्दाचे वजन ओडिशातील नियमगिरीत दिसले. डोंगरिया कोंध आदिवासी हा डोंगर नियमराजा या देवाचा मानतात. तिथल्या बॉक्साइट खाणीबाबत ग्रामसभांनी निर्णय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितले. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. डिसेंबर 2024मध्ये राजस्थानातील ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, प्रकरणात याच न्यायालयाने देवरायांचे सर्वेक्षण करून त्यांना संरक्षण देण्याचे निर्देश दिले आणि देशपातळीवरील धोरणाची शिफारस केली. अमेरिकेत यूटा राज्यातील बेअर्स इअर्स ही पवित्र भूमी 2016मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली. 2017मध्ये तिचे क्षेत्र घटवले गेले आणि 2021मध्ये पूर्ववत झाले. 2022मध्ये तिथल्या पाच मूलनिवासी जमातींशी सहव्यवस्थापनाचा करार झाला. जमीन सरकारचीच राहिली, पण कारभारात मूळ रखवालदारांना जागा मिळाली.

धोका नेहमी खाणीच्या किंवा रस्त्याच्या रूपानेच येतो असे नाही. जीर्णोद्धाराच्या हौसेत देवराईतली झाडे तोडून सिमेंटचा सभामंडप उभा राहतो. पर्यटकांसाठी वाहनतळ होतो आणि झऱ्याकाठी प्लास्टिक साचते. नवी पिढी शहराकडे गेली की दंडक सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून ग्रामसभेचा ठराव, हद्दीचा नकाशा आणि वडीलधाऱ्यांची लेखी साक्ष ही कामे म्हातारी माणसे हयात आहेत तोवर व्हायला हवीत. 1878मध्ये नोंदीअभावी जे गेले, ते नोंदीनेच परत मिळवता येते. राखण मात्र पूर्वीप्रमाणेच गावाला करावी लागेल.