चाकाखालचा रस्ता – भाग 9 : ट्रॉली मागून ढकलते तेव्हा

हेमलकशाला घाट नाही. आलापल्लीहून भामरागडकडे येणारा रस्ता जंगलातून उंचसखल होत येतो, पण खंडाळ्यासारखी वळणे त्यात नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात घाट म्हणावा तो पार उत्तरेला, कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना लागणारा बेडगावचा. तरीही मालाने भरलेली ट्रॉली उतारावरून खाली कशी आणायची, हा प्रश्न भामरागड तालुक्यात घाटाइतकाच खरा आहे. इथला उतार आखूड असतो आणि नेमका अडचणीच्या जागी संपतो. वरून नाल्याची दरड, खाली अरुंद रपटा, त्यावर ओली माती आणि पलीकडे लगेच चढ. घाटात पहिल्या वळणावर चूक कळली तर सावरायला पुढे रस्ता असतो. नाल्याच्या उतारावर तेवढी उसंत मिळत नाही.

ट्रॉलीवाचून इथले पानही हलत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे गठ्ठे, दिवाळीनंतर आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर जाणारे धान, मधल्या काळात बांबू, रेती, विटा, आणि लग्नसराईत वऱ्हाड. ट्रॉलीत माणसे बसवायला कायद्याची परवानगी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळेच बसतात. त्यावर मी इथे प्रवचन देत नाही. फक्त खालचा मजकूर वाचताना ट्रॉलीत पोती नसून माणसे आहेत असे धरून वाचावे.

या जंगलातून सागाचे ओंडके आधी हत्तींनी ओढले. कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती मुळात त्याच कामाचे. साखळीने बांधलेला ओंडका जमिनीला घासत येतो, त्यामुळे हत्ती थांबला की बहुतेक उतारांवर ओंडकाही थांबतो. त्याला ब्रेकची गरज नसते. आपण ओंडक्याखाली चाके घातली, ओढणे सोपे झाले आणि थांबवणे अवघड. सपाटीवर हा बदल जाणवत नाही. उतार लागला की मागची ट्रॉली ओढून घ्यायची थांबते आणि पुढच्या हेडला, म्हणजे ट्रॅक्टरला, ढकलू लागते.

किती ढकलते, त्याचा हिशेब करून पाहू. ट्रॅक्टर 2 टनांचा, ट्रॉली मालासकट 5 टनांची. दहा मीटरला एक मीटर खाली जाणारा उतार असेल तर या 7 टनांना सुमारे 700 किलोचा जोर खाली खेचतो. त्यातला काही टायरांच्या घर्षणात जिरतो. राहिलेला अडवायचा कोणी? ट्रॅक्टरला चार चाके, चारचाकी ट्रॉलीला चार, अशी एकूण आठ. साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक त्यातल्या फक्त दोन चाकांना लागतात, मागच्या मोठ्या. गावातल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे आठ चाकांवरचे वजन दोन चाकांनी धरायचे. त्या दोन चाकांची जमिनीवरची पकड सुटली की पुढे काय होईल ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

बेडगावसारखा लांब उतार असेल तर उष्णतेचा प्रश्न येतो. तेच 7 टन 100 मीटर उंचीवरून खाली आणले आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर त्यातून निघणारी उष्णता 23 लिटर पाणी उकळायला पुरेल. ती सगळी लायनर आणि ड्रमने सोसायची. तापलेला लायनर गुळगुळीत होतो, पॅडल दाबले जाते पण गाडी धरत नाही. ज्याला आपण ‘ब्रेक फेल’ म्हणतो ते कैकदा हेच असते. ब्रेक तुटलेला नसतो, जळालेला असतो. तेलात बुडालेले ब्रेक असलेले नवे ट्रॅक्टर याबाबतीत जास्त तग धरतात, पण पाच टनांची ट्रॉली त्यांनाही पाचच टनांची.

म्हणून उतारावर मुख्य ब्रेक इंजिनाचा. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. हा सल्ला सोळा आणे खरा आहे. त्याला एक पुरवणी जोडतो: गिअर उतार सुरू होण्याआधी, वर सपाटीवर टाकायचा. बऱ्याच ट्रॅक्टरांचे गिअर मोटारीसारखे पळता पळता बदलत नाहीत. अर्ध्या उतारावर ‘आता खालचा टाकू’ म्हणून क्लच दाबला, गिअर काढला आणि दुसरा पडलाच नाही, तर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये मोकळा सुटतो. मग दात करकरत राहतात आणि वेग वाढत जातो. नुसता क्लच दाबून ठेवला तरी परिणाम तोच. मोटारसायकलवर ब्रेकबरोबर क्लच दाबायची सवय झालेली असते. ट्रॅक्टरवर ती सवय नडते. उतारावर डावा पाय क्लचवर ठेवूच नये, आणि हाताचा अ‍ॅक्सिलरेटर आधीच खाली आणून ठेवावा.

आता डिझेलचा मुद्दा, कारण न्यूट्रलची खोड त्यातूनच लागली आहे. ‘उतार आहे, गाडी आपोआप जाते, मग डिझेल कशाला जाळायचे?’ हा हिशेबच उलटा आहे. गिअरमध्ये असलेल्या डिझेल इंजिनाला उतारावर चाकेच फिरवत असतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला की पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला डिझेल प्यावे लागते. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त जाळतो. इंजिनच बंद करणारे तर आणखी पुढचे. त्यात पॉवर स्टिअरिंग जड होते आणि हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये कॉम्प्रेसर थांबल्याने टाकीतली हवा प्रत्येक दाबाला कमी होत जाते. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी वाहने ठोकली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासाच्या बातम्यांत आले होते.

आता एक बारकीशी गोष्ट, जिच्याकडे मी पाहिल्याशिवाय ट्रॅक्टरवर बसत नाही. ट्रॅक्टरला ब्रेकची पॅडले दोन असतात. शेतात वळताना एका बाजूचे चाक धरून जागेवर वळता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर ती दोन्ही एका छोट्या लोखंडी पट्टीने जोडायची असतात. धानाच्या बांधीतून चिखलणी करून आलेला ट्रॅक्टर सरळ ट्रॉली लावून रस्त्याला लागतो, तेव्हा ती पट्टी बाजूला लोंबकळत असते. सपाटीवर काही बिघडत नाही. उतारावर घाईत पाय एकाच पॅडलवर पडला की एक चाक धरते, दुसरे फिरत राहते, हेड तिरके होते आणि मागची ट्रॉली त्याला तसेच पुढे रेटते. कात्रीसारखे मिटते सगळे, आणि ड्रायव्हर मध्ये सापडतो. पट्टी लावली तरी दोन्ही ब्रेक सारखे धरतात का ते पाहावे. मोकळ्या कच्च्या रस्त्यावर हळू चालवून एकदा जोरात दाबायचे आणि उतरून दोन्ही चाकांच्या खुणा बघायच्या. एक खूण लांब, एक आखूड असेल तर मिस्त्रीकडे जायचे.

ट्रॉली तिरकी होऊ लागलीच तर? मन सांगते ब्रेक आणखी दाब. नेमके तेच करायचे नाही. ब्रेक सोडून चाके फिरू द्यायची, जागा असेल तर किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन हेड सरळ पुढे ओढायचे. हे वेग कमी असेल तरच जमते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद चौपट लागते. फोर-व्हील ट्रॅक्टर असेल तर कच्च्या उताराआधी पुढची चाके जोडून घ्यावीत, म्हणजे इंजिनाचा धाक चारही चाकांना बसतो.

भरताना माल डोळ्याने मोजू नये. एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, कोरडी रेती साडेचार टनांच्या आसपास भरते. नदीतून नुकतीच काढलेली ओली असेल तर पाच टनांच्याही वर जाते. तेवढ्याच जागेत धान दीड-पावणेदोन टन. म्हणून रेतीची ट्रॉली ठेंगणी दिसते आणि फसवते. धानाची किंवा तेंदूपत्त्याची उंच दिसते आणि वळणावर कलंडते. दोनचाकी ट्रॉलीत माल मागे जास्त झाला तर दांडा वर उचलला जातो, हेडच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ब्रेक लागणारी तीच दोन चाके हलकी पडतात. बांबू तर हमखास मागे लोंबतो. वजन थोडे पुढे, हुकावर यायला हवे.

हुकाची पिन ही त्याहून दुर्लक्षित. मूळची पिन हरवली की सळईचा तुकडा येतो, त्याच्या टोकाला बांधकामाची बारीक तार गुंडाळलेली. चढावर दांडा एका बाजूने ओढतो, उतारावर दुसऱ्या बाजूने ढकलतो आणि नाल्यात दोन्ही लागोपाठ होते. त्या हेलकाव्यात सळई उडी मारून बाहेर येते. पूर्ण जाडीची पिन, खाली क्लिप आणि सोबत जाड साखळी एवढ्याने हा धोका बराच टळतो.

टोचनबद्दल थोडक्यात. बंद पडलेली जीप दोराने उतारावरून नेऊ नये. दोर ओढू शकतो, अडवू शकत नाही. मागच्याचे इंजिन बंद असल्याने त्याचा पॉवर ब्रेक एक-दोन दाबांनंतर दगडासारखा कडक होतो. कडक दांडा लावावा, नाहीतर गाडी वरच ठेवून, चाकांना दगड लावून मिस्त्रीला बोलवावे.

एटापल्लीकडे सुरजागडच्या खाणीचे लोहखनिजाचे ट्रक असतात. खनिज रेतीच्या दीडपट तरी जड, त्यामुळे डाला अर्धा रिकामा दिसला तरी गाडी भरलेली असते. तिच्यापुढे ट्रॅक्टर घालताना ती लगेच थांबेल असे धरू नका. अरुंद उतारावर समोरून कोणी चढत येत असेल तर नियमाने वाट चढणाऱ्याची, उतरणाऱ्याने वरच थांबायचे.

धानाचा हंगाम तोंडावर आहे. केंद्रावर रांग लागण्याआधी पॅडलांची पट्टी, हुकाची पिन आणि ट्रॉलीचे मागचे लाल रिफ्लेक्टर एकदा पाहून घ्या. आणि तुमच्या गावात ब्रेक असलेली ट्रॉली कोणी बनवून घेतली असेल तर जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना काय करायचे ते पाहू.